चांदबिबीला गेममध्ये उतरवायचं तर

नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागच्या काचा बघत गेलं, तर एक स्टिकर पुन्हा पुन्हा दिसतं. एकाच रंगाच्या कागदातून कापलेली नुसती आकृती. डोक्याला बांधलेलं फडकं, अंगात पायघोळ कफनी आणि एका पायावर टाकलेला दुसरा पाय. डोळे नाहीत, नाक नाही, नाव लिहिलेलं नाही. तरी हे साईबाबा आहेत हे शाळेत न गेलेलं पोरही सांगतं. शिर्डीच्या समाधी मंदिरातली बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ साली बसवली गेली, तिची बैठकही हीच. मूर्तीत बारकावे पुष्कळ आहेत, पण काचेवरच्या स्टिकरला त्यातल्या दोन-तीन खुणा पुरल्या.

त्याच गाडीत मागच्या सीटवरच्या मुलाच्या मोबाइलमध्ये बोटाच्या पेराएवढा एक माणूस उड्या मारत असतो. लाल टोपी, मिशा, निळी डांगरी. तोही कुणाला विचारावा लागत नाही, तो मारिओ.

इतक्या कमी रेषांत माणूस ओळखू कसा येतो? डोळ्याला नेमकं काय पुरतं आणि काय नसलं तरी चालतं? व्हिडिओ गेमच्या धंद्यात एका माणसाचं सगळं काम या प्रश्नावर उभं असतं. त्याला कॅरेक्टर डिझायनर म्हणतात, म्हणजे खेळातलं पात्र कसं दिसेल हे ठरवणारा चित्रकार. हा धंदा घडवण्यात जपानी चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचं काम समजून घ्यायला मी आपल्याच जिल्ह्यातलं एक पात्र घेणार आहे: नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी. पण आधी थोडं जपानात जाऊ.

सोळा ठिपके, सोळा ओळी

१९८१ साली निन्टेन्डो कंपनीनं ‘डाँकी काँग’ हा खेळ आणला. कपाटाएवढ्या यंत्रात नाणं टाकून उभ्या उभ्या खेळायचा तो जमाना. खेळाचा नायक एक सुतार. त्याला धड नावही नव्हतं. उड्या मारतो म्हणून ‘जंपमॅन’. हाच पुढे मारिओ झाला. त्याला काढलं शिगेरू मियामोतो यांनी. त्यांचं शिक्षण औद्योगिक वस्तूंच्या रचनेचं होतं, संगणकाचं नव्हे.

त्यांच्यापुढची अडचण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला चटकन कळेल. सोळा ठिपके, सोळा ओळी, एवढ्यात माणूस बसवायचा. फरक इतकाच की इथे ठिपके रेषेनं जोडायचे नाहीत. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगानं भरायचा एक बारीक चौकोन. त्याला पिक्सेल म्हणतात. एकूण २५६ ठिपके, त्यातले बरेचसे रिकामे सोडायचे आणि रंग वापरायचे फक्त तीन. रांगोळीत एक ठिपका चुकला तर फूल वाकडं दिसतं. इथे एक ठिपका चुकला तर माणसाचा हात नाहीसा होतो.

आता मियामोतोंनी काय केलं ते बघा. चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम काही ठिपके येतात, त्यात नाक आणि तोंड दोन्ही बसत नाही. म्हणून नाक मोठं काढलं आणि खाली मिशा दिल्या. मिशांमुळे नाक कुठे संपलं ते कळलं आणि तोंड काढायची गरजच उरली नाही. केस काढले असते, तर उडी मारताना ते हलायला हवे होते आणि त्यासाठी आणखी चित्रं लागली असती. टोपी घातली, प्रश्न मिटला. कपाळ आणि भुवयाही वाचल्या. राहिला हात. अंगभर एकच रंग दिला तर धावताना हात धडात मिसळून जातो. म्हणून डांगरी एका रंगाची आणि सदऱ्याच्या बाह्या दुसऱ्या. हात पुढेमागे झाला की रंग सरकतो आणि माणूस पळतोय हे लांबूनही दिसतं.

टोपी, मिशा, डांगरी या तिन्ही गोष्टी आज आपण मारिओचा स्वभाव म्हणून बघतो. जन्मल्या त्या मात्र जागा नव्हती म्हणून. मला या कामातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

अमानोंचा कुंचला, शिबुयांचे ठिपके

जागा टंचाईची आणि चित्रकार मात्र तपशिलात रमणारा, असं झालं तर? योशिताका अमानो यांची कारकीर्द या दृष्टीनं बघण्यासारखी आहे.

अमानो यांचा जन्म १९५२ चा, जपानच्या शिझुओका शहरातला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९६७ मध्ये, ते टोकियोच्या तात्सुनोको या कार्टूनपट कंपनीत लागले. १९७२ च्या ‘गॅचामान’ या मालिकेतल्या पात्रांचं रूप ठरवण्यात त्यांचा हात होता. कार्टूनपटात शिस्त कडक असते. एकच पात्र दहा चित्रकार काढणार, म्हणून रेषा ठाशीव आणि मोजक्या हव्यात, कुणालाही तशाच काढता येतील अशा. पंधराएक वर्षं हे काम केल्यावर अमानो बाहेर पडले आणि अद्भुत कथांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले. ‘व्हॅम्पायर हंटर डी’ ही १९८३ साली सुरू झालेली कादंबरीमाला त्यातली प्रसिद्ध. आता त्यांची रेषा सुटली. पातळ रंग, वाऱ्यावर उडणारी वस्त्रं, हवेत विरून जाणारे केस, फिकट चेहरे.

१९८७ साली स्क्वेअर कंपनीनं ‘फायनल फँटसी’ या खेळासाठी याच अमानोंना बोलावलं. त्यांचं चित्र आणि खेळाचा पडदा यांत अंतर केवढं! लढाईच्या दृश्यात एका योद्ध्याला जागा १६ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच. वाऱ्यावर उडणारं वस्त्र तिथे कसं मावणार?

ते मावेल असं करून देणाऱ्या चित्रकर्तीचं नाव काझुको शिबुया. खेळाच्या पडद्यावर हलणाऱ्या अशा लहानशा चित्राला स्प्राइट म्हणतात. ‘फायनल फँटसी’चे स्प्राइट शिबुयांनी मांडले. त्या खेळातला काळा जादूगार आठवा किंवा कुणाकडून तरी बघून घ्या. टोकदार, रुंद काठाची मोठी टोपी, तिच्या सावलीत पूर्ण काळोख आणि काळोखात दोन पिवळे ठिपके. तेच डोळे. चेहरा नाहीच. लाल जादूगाराला टोपीवरचं पीस दिलं, पांढऱ्याला डोक्यावरून ओढलेला झगा. तिघे शेजारी उभे केले तर क्षणभरही गोंधळ होत नाही.

खेळाच्या खोक्यावर, पुस्तिकेत अमानोंचं चित्र बघायचं आणि पडद्यावर शिबुयांचे ठिपके. खेळणाऱ्याचं मन दोन्ही जोडून घेतं. अमानोंचं नाव जगभर झालं. शिबुयांचं नाव बाहेरच्या वाचकांपर्यंत पोचायला फार वर्षं लागली. पात्र जिवंत झालं ते मात्र दोघांच्या हातांनी, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं.

सावलीची परीक्षा

पात्र चांगलं उतरलं की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे. सगळं चित्र काळ्या रंगानं भरून टाकायचं. आतले डोळे, दागिने, कपड्यांवरची नक्षी, सगळं गडप. उरलेल्या काळ्या आकृतीवरून तो कोण हे सांगता आलं तर पात्र पास.

दोन हजारच्या दशकात टीव्हीवर ‘पोकेमॉन’ बघितलेल्या मुलांना ही परीक्षा पाठ आहे. कार्यक्रमाच्या मधल्या सुटीत काळी आकृती दाखवून ‘हा पोकेमॉन कोण?’ विचारत. मूळ खेळ १९९६ चा, निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा. त्याच्या पडद्यावर रंग नव्हतेच. उजळ ते गडद अशा चार छटा, बस्स. मग १५१ प्राणी एकमेकांपासून वेगळे ओळखायचे कसे? आकारावरून. पिकाचूचं रूप अत्सुको निशिदा यांनी काढलं: गोलसर अंग, लांब टोकदार कान, विजेच्या रेघेसारखी वाकडी शेपटी. या सगळ्या प्राण्यांची ठरलेली चित्रं केन सुगिमोरी यांनी केली, त्यामुळे ते एका जगातले वाटतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आले आहेत. दिव्यापुढे धरलेल्या बाहुलीची सावली पडद्यावर पडते आणि रामायण सुरू होतं. प्रेक्षकाला राम कुठला, रावण कुठला हे कडेवरूनच कळायला हवं. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेकडे अनेकांचं लक्ष गेलं. गेम शिकणाऱ्या आपल्या मुलांनी पिंगुळीला दोन दिवस जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या जिल्ह्यातली आणखी एक आकृती याच परीक्षेला उतरते. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकर. डोक्यावरून पदर आणि तळहातावर शिवलिंग. चेहरा प्रत्येक चित्रकाराचा निराळा असला तरी चालतं. तळहात रिकामा ठेवून बघा, तीच बाई कुणीही साध्वी वाटेल.

चौकटीत: धंद्यातले पाच शब्द

*पिक्सेल:* पडद्यावरचा सर्वांत लहान रंगीत ठिपका.
*स्प्राइट:* ठिपक्यांनी मांडलेलं, पडद्यावर हलणारं लहान चित्र.
*पॉलिगॉन:* थ्रीडी आकृतीचा पृष्ठभाग ज्या सपाट तुकड्यांनी, बहुधा त्रिकोणांनी, बनतो तो एकेक तुकडा.
*टर्नअराउंड:* एकच पात्र समोरून, बाजूनं आणि मागून दाखवणारा कागद. मॉडेल बनवणारा हा समोर ठेवूनच काम करतो.
*रिग:* मॉडेलच्या आत बसवलेला सांगाडा. त्याची हाडं हलवली की वरची कातडी आणि कपडे हलतात.

ठिपके गेले, त्रिकोण आले

१९९० च्या दशकात यंत्रं बळकट झाली आणि पात्रांना सपाट चित्राऐवजी चहूबाजूंनी फिरवता येईल असं अंग मिळालं. टंचाई मात्र संपली नाही, तिनं फक्त रूप बदललं. आता हिशेब त्रिकोणांचा. गोल खांद्याला त्रिकोण जास्त लागतात, चौकोनी खांद्याला कमी. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ मध्ये तेत्सुया नोमुरा यांनी क्लाउड हा नायक काढला. आधीच्या कच्च्या चित्रात त्याचे केस काळे आणि मागे चापून बसवलेले होते, त्रिकोण वाचावेत म्हणून. पण खेळातला खलनायक लांब रुपेरी केसांचा. त्याच्यासमोर नायक उठून दिसेना. म्हणून केस पिवळे आणि काट्यांसारखे उभे झाले आणि पाठीवर त्याच्याच उंचीची तलवार आली. म्हणजे पात्र एकटं काढून भागत नाही; ते कुणासमोर उभं राहणार हे आधी ठरवावं लागतं.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण पुण्याचं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी ही त्याची नायिका. श्रुती घोष या संस्थेच्या सहसंस्थापक आणि कलादिग्दर्शक. खेळात कॅमेरा बराच वर आणि लांब असतो. राजीचा चेहरा बहुतेक वेळ दिसतच नाही. मग तिची ओळख कशात ठेवली? ती सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे, यात. भिंतीवर चढणं, खांबाला गिरकी घेणं, दुर्गेनं दिलेलं त्रिशूळ फिरवणं, या सगळ्याला कसरतीची लय आहे. कथेचे मधले भाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीनं सांगितले आहेत. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसूनही चमूनं खेळ पुरा केला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्यावहिल्या खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

आता चांदबिबी

कॅरेक्टर डिझायनर पहिल्या दिवशी पेन्सिल उचलत नाही, तो पुरावे गोळा करतो. चांदबिबीबद्दल आपल्या हातात काय आहे?

हुसेन निजामशहाची ही मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं. १५८० मध्ये तो मारला गेल्यावर तिनं लहानग्या इब्राहिमसाठी विजापूरचा कारभार पाहिला आणि पुढे माहेरी नगरला परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद यानं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी काही शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. त्या वेळी चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात उपसलेली तलवार घेऊन खिंडारावर आली आणि रातोरात तट बांधून काढला, असं इतिहासकार सांगतात. वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये तह झाला. १६०० मध्ये, दुसऱ्या वेढ्यात, तिच्याच लोकांनी तिला मारलं.

आता चित्रं. तिच्या वडिलांच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीनं लिहिलेलं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्यात चांदबिबीची आई खुंजा हुमायून राजाशेजारी बसलेली दाखवली होती, पण नंतर कुणीतरी काही चित्रांतली तिची आकृती पुसून टाकली. राजा आहे, सिंहासन आहे, राणीच्या जागी डाग. नगरच्या दरबारातली बायकांची वस्त्रं मात्र त्याच हस्तलिखितात सापडतात: चोळी, गोंड्यांची लांब वेणी, अंगाभोवती लपेटलेली ओढणी. डिझायनरसाठी हा खजिना आहे.

खुद्द चांदबिबीची म्हणून जी चित्रं प्रसिद्ध आहेत, त्यांत ती घोड्यावर बसून मनगटावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली दिसते. तिच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी ही चित्रं दख्खनमध्ये पुन्हा पुन्हा काढली गेली. चेहरा बदलतो, घोडा आणि ससाणा बदलत नाहीत. काचेवरच्या स्टिकरचं जे तत्त्व, तेच इथे. तिला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी उरलेलं नसताना चितारी खुणांवर काम भागवत होते.

एक सापळा टाळायला हवा. शहराबाहेरच्या डोंगरावरची आठकोनी, तीन मजली इमारत ‘चांदबिबी महाल’ म्हणून ओळखली जाते. ती सलाबतखानाची कबर आहे. खेळात तिथे चांदबिबीची शयनगृहं दाखवली, तर नगरची मुलं आणखी एक पिढी चुकीचं शिकतील.

मग खुणा कुठल्या निवडायच्या? ससाणा सुंदर आहे, पण तो शिकारीतला. खेळ वेढ्याचा असेल तर ससाणा निरुपयोगी. मी बुरखा आणि तलवार ठेवीन. बुरख्याची भीती वाटायचं कारण नाही; काळ्या जादूगाराला चेहरा नसूनही तो कुणी विसरलेलं नाही. उलट तिचा चेहरा कसा होता हे माहीत नसताना तो खरा म्हणून रंगवण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. बुरखा फिका ठेवायचा. दृश्य रात्रीचं, पार्श्वभूमीला काळा दगड आणि मशाली. गडद वस्त्र त्यात बुडून जाईल. खिंडारात गवंडी, मजूर, शिपाई अशी पन्नास माणसं हलत असताना खेळणाऱ्याला ती एका नजरेत सापडली पाहिजे. म्हणून तो फिका रंग दुसऱ्या कुणाच्याही अंगावर द्यायचा नाही.

तलवार वर उगारलेली नको. शेकडो खेळांत तेच असतं आणि तिचं त्या रात्रीचं काम वार करण्याचं नव्हतंच. उजव्या हातात तलवार खाली रोखलेली, डावा हात पुढे, दगड कुठे लावायचा ते दाखवणारा. हे काळ्या रंगानं भरून बघा: एका अंगाला खाली उतरणारी तलवारीची तिरपी रेघ, दुसऱ्या अंगाला लांब झालेला हात, वर बुरख्याचा गोल. हा आकार दुसऱ्या कुणाचा होणार नाही.

वयाचा प्रश्न

शेवटी मुद्दा वयाचा, आणि यावर मी हटून बसेन. चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा मानतात. म्हणजे वेढ्याच्या वेळी ती पंचेचाळिशीची होती. गेममध्ये राणी म्हटलं की विशीतली, सडपातळ, घोट्यापर्यंत चिलखत आणि पोट उघडं, असा साचा ठरून गेला आहे. तो इथे वापरला तर तिचं सगळं आयुष्य खोडलं जातं: विजापूरची दहाएक वर्षांची धुमश्चक्री, वैधव्य, दोन दरबारांतली कारस्थानं. चेहरा झाकलेला असताना वय दाखवायचं ते चालीतूनच. म्हणून ॲनिमेशन करणाऱ्याला पहिली सूचना ही द्यावी लागेल की ती पळत नाही. ढिगाऱ्यावर चढताना पाय जपून टाकते, वर पोचल्यावर क्षणभर थांबते, मग वळते. आजूबाजूचे सगळे धावत असताना एकटी ती चालते आहे, एवढ्यावरूनही खेळणाऱ्याला ती गर्दीत सापडेल. त्यासाठी रिगमध्ये खांदे आणि कंबरेची हाडं नीट बसवावी लागतील आणि बुरख्याच्या कापडाला वेगळी हाडं द्यावी लागतील, नाहीतर ती वळल्यावर कापड पाठीतून आरपार जाईल.

नगरच्या किल्ल्याचा तट आणि भोवतीचा खंदक आजही उभा आहे. कोन, उंची, दगडांचा आकार तिथे जाऊन मोजता येतो, रात्रीचा उजेड कुठून पडेल ते बघता येतं. मंडळातलं हस्तलिखित पुण्यात, राजीचा चमूही पुण्यात. हे काम करायला लागणारी जवळपास सगळी सामग्री सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.